कॅरिबियन समुद्रकाठी कौटुंबिक सहल: बेट कोणते, महिना कोणता आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचे काय?

निपाणीकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

येत्या मे महिन्याच्या अखेरीस आमचे सारे कुटुंब आठवडाभर समुद्रकाठी एकत्र राहावे असा विचार आहे आणि त्यासाठी कॅरिबियन बेटांपैकी एखादे निवडावे असा मुलाचा आग्रह आहे. मुलगा, सून आणि त्यांची दोन मुले अटलांटाजवळ राहतात. मुलगी, जावई आणि नात चिकोडीला असतात. नातीची आणि तिच्या मामाच्या मुलांची आजवर फक्त फोनच्या पडद्यावर भेट झालेली आहे. मुलाला एका वेळी दहा दिवसांहून अधिक रजा मिळत नाही, त्यामुळे तो निपाणीला आला तर त्यातली निम्मी रजा प्रवासात आणि झोपेचे गणित बसवण्यातच जाते. आमच्याकडे आणि जावयांकडे मात्र वेळ आहे, तेव्हा लांबचा प्रवास आम्ही करावा हेच मला रास्त वाटते. आम्हा उभयतांजवळ अमेरिकेचा व्हिसा आहे, मुलीच्या कुटुंबाजवळ नाही आणि तो इतक्यात मिळण्याची चिन्हे नाहीत. म्हणून सर्वांना अटलांटालाच जमवणे शक्य नाही.

मुलाने जमैका, डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुंता काना आणि बार्बाडोस अशी तीन ठिकाणे सुचवली आहेत. राहणे, खाणे-पिणे आणि पाण्यातले खेळ या सर्वांचे मिळून एकच भाडे घेणारे ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ रिसॉर्ट त्याला सोयीचे वाटते.

माझी खरी काळजी जेवणाची आहे. आम्ही दिगंबर जैन आहोत. माझी पत्नी कंदमुळे खात नाही आणि सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही. मी कांदा-लसूण टाळतो. मुले आणि नातवंडे इतर सर्व शाकाहारी पदार्थ खातात. रिसॉर्टांच्या माहितीपत्रकांत रात्रीचे जेवण साडेसहानंतर सुरू होते असे दिसते. शिवाय पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सपाट रस्त्यावर ती व्यवस्थित चालते, परंतु मऊ वाळूत आणि जिन्यांवर तिला त्रास होतो. मालवण, वेंगुर्ले, गोवा येथे आम्ही पुष्कळदा गेलो आहोत, त्यामुळे समुद्राचे अप्रूप म्हणून ही सहल नाही. सर्वांनी आठ दिवस एका छपराखाली राहावे एवढाच हेतू आहे. परंतु त्यासाठी पत्नीला आठवडाभर केळी आणि घरून नेलेल्या चुरमुऱ्यांवर राहावे लागणार असेल, तर तो बेत मला मान्य नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मलप्रभा (मूळ खानापूर, सध्या टोरांटो)

काका, नमस्कार. इकडच्या हिवाळ्याला कंटाळून कॅनडातील पुष्कळ कुटुंबे कॅरिबियनला जातात आणि आम्हीही सासू-सासऱ्यांना घेऊन अशा रिसॉर्टमध्ये राहिलेलो आहोत. त्या अनुभवावरून जेवणाबद्दल आधी लिहिते, कारण बेटाची निवडही शेवटी त्यावरच ठरेल असे मला वाटते.

सर्वसमावेशक भाड्यात मद्याचा वाटा मोठा असतो. जे कुटुंब मद्य घेत नाही आणि मांसाहारही करत नाही, ते न घेतलेल्या गोष्टींचे पैसे भरते. बुफेच्या टेबलावर पदार्थ खूप दिसतात, परंतु शाकाहारी वाटणारा भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असू शकतो, शेंगांच्या दाण्यांत खारवलेल्या मांसाचा तुकडा घातलेला असतो आणि भाज्यांच्या सूपचा आधारही तोच रस्सा असतो. प्रत्येक पदार्थाची चौकशी करावी लागते आणि वाढणाऱ्याला ती माहिती असतेच असे नाही. चौकशी करायची ती आचाऱ्याकडे. काकूंच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. या बेटांवरचे मूळचे शाकाहारी अन्न बरेचसे कंदांवर उभे आहे. रताळे, सुरणासारखे याम, कसावा हे तिथले रोजचे खाणे, आणि भारतीय वंशाच्या लोकांच्या दुकानांत मिळणाऱ्या रोटीतही बहुधा बटाट्याची भाजी असते.

तरीही काकूंना चालेल असे पुष्कळ आहे. बार्बाडोसमध्ये मक्याचे पीठ आणि भेंडी एकत्र शिजवून कूकू नावाचा पदार्थ करतात. तो लोणी घालून, माशाविना, वेगळा करून मागता येतो. तुरीच्या हिरव्या दाण्यांचा भात तिथे घरोघरी होतो. मांस आणि कांदा वगळून तो करून देणे आचाऱ्याला अवघड नाही. आपल्या कोकणातला नीरफणस तिथे झाडावर लगडलेला असतो. भाजून किंवा उकडून तो पोटभरीचा होतो आणि तो फळ असल्यामुळे कंदमुळाचा प्रश्नच येत नाही. तळलेली मोठी केळी, लाल भोपळा, काकडी, पपई, अननस, आंबा हे तर आहेच.

सूर्यास्ताचे म्हणाल तर बार्बाडोस विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १३ अंशांवर आहे आणि मे महिन्याच्या अखेरीस तिथे साधारण सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान सूर्य मावळतो. निपाणीत त्या दिवसांत सातपर्यंत उजेड असतो, त्यामुळे काकूंना नेहमीपेक्षा अर्धा तास आधी जेवून घ्यावे लागेल. रिसॉर्टचे रात्रीचे भोजनगृह त्या वेळी नुकते उघडत असते. म्हणून माझे मत असे की रिसॉर्टचा नाद सोडावा आणि बार्बाडोसच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वयंपाकघर असलेली दोन शेजारशेजारची घरे भाड्याने घ्यावीत. वर्दिंग, डोव्हर या भागांत अशी घरे बरीच आहेत, दुकाने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. ते बेट प्रवाळी चुनखडकाचे असल्यामुळे पावसाचे पाणी खडकातून झिरपून गाळले जाते. ब्रिजटाउन या राजधानीत गुजरातेतून गेलेल्या व्यापारी कुटुंबांची जुनी वस्ती आहे, त्यामुळे डाळी आणि मसाले शोधले तर मिळतात.

एक तांत्रिक गोष्ट. तिथली वीज ११५ व्होल्टची आहे. आपल्याकडचा मिक्सर किंवा विजेची शेगडी तिथे चालणार नाही. भात शिजवण्याचे विजेचे भांडे हवे असेल तर ते मुलाने अमेरिकेतून आणावे.

सांब्रा रोड (बेळगाव)

नमस्कार. परदेशी तिकिटांचे आणि व्हिसाच्या कागदपत्रांचे काम मी बेळगावात करतो. मला वाटते, आपल्या बाबतीत बेटाचा निर्णय पासपोर्टच करून टाकतील.

डोमिनिकन प्रजासत्ताकात भारतीय पासपोर्टवर जायचे असेल तर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा शेंगेन यांपैकी एखादा वैध व्हिसा जवळ असला म्हणजे पर्यटकाला वेगळ्या व्हिसाची गरज पडत नाही. आपणा उभयतांना आणि मुलाच्या कुटुंबाला ते सोपे आहे. मुलीच्या कुटुंबाला नाही. पोर्तो रिको हा अमेरिकेचाच प्रदेश असल्यामुळे तिथेही मुलीची तीच अडचण. जमैका आणि बार्बाडोस या दोन्ही देशांत भारतीय पर्यटकांना आगाऊ व्हिसा लागत नाही. तथापि असे नियम बदलतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहावे. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी, परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचा कागद हाताशी असावा. नातीचा पासपोर्ट अजून काढलेला नसेल तर आजच अर्ज करा.

आता मार्ग. मुलीच्या कुटुंबाने अमेरिकेतून जाण्याचा विचारही करू नये, कारण अमेरिकेत विमान बदलणाऱ्या प्रवाशालाही इमिग्रेशनमधून जावे लागते आणि त्यासाठी व्हिसा लागतोच. कॅनडातून गेल्यासही बहुतेकांना तेथील ट्रान्झिट व्हिसा लागतो. राहिला लंडनचा मार्ग. मुंबईहून लंडन आणि लंडनहून थेट ब्रिजटाउन, असे सरळ दोन टप्पे होतात. परंतु भारतीय पासपोर्टधारकाला लंडनच्या विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायचे असले तरी ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्यांना त्यातून सूट आहे, म्हणून तो आपल्याला लागू नये; मुलीला, जावयांना आणि नातीला मात्र घ्यावा लागेल. आणि येथेच लोकांची फसगत होते. स्वस्त तिकिटात एक विमान हीथ्रोला उतरते आणि दुसरे गॅटविकहून सुटते. तसे झाले तर ब्रिटनच्या सीमेत प्रवेश करावा लागतो आणि त्यासाठी वेगळ्या प्रकारचा व्हिसा लागतो. म्हणून दोन्ही विमाने एकाच विमानतळावरची आणि एकाच तिकिटावरची असावीत, म्हणजे सामानही थेट पुढे जाते.

आपल्या मुलाकडे आणि सुनेकडे एक गोष्ट आवर्जून चौकशी करावी. त्यांचा एच-वन (नोकरदाराचा) किंवा एच-फोर (त्याच्या कुटुंबीयांचा) दर्जा अमेरिकेतच वाढवून घेतलेला असेल आणि पासपोर्टवरील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल, तर बार्बाडोसहून परत अमेरिकेत शिरता येणार नाही. संपलेल्या शिक्क्यावर तीस दिवसांच्या आत परतण्याची जी सवलत आहे, ती या दर्जाच्या लोकांना केवळ कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. कॅरिबियन बेटांचा त्यात समावेश विद्यार्थी आणि एक्सचेंज व्हिसाधारकांसाठी होतो. नोकरदारांसाठी होत नाही. हे कळेपर्यंत कोणतेही आगाऊ पैसे भरू नका.

तारखांविषयी. कर्नाटकातील शाळांची उन्हाळी सुट्टी मेअखेरपर्यंत असते आणि अटलांटा परिसरातील बहुतेक शाळा मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सुटतात, त्यामुळे दोन्हीकडच्या मुलांचा मेळ त्याच सुमारास बसतो. अडचण एवढीच की ब्रिटनमधील शाळांनाही मेच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टी असते आणि लंडनहून बार्बाडोसला जाणारी विमाने त्या दिवसांत भरलेली असतात. मुंबईहून त्या आठवड्याच्या दोन-तीन दिवस आधी निघालात तर भाड्यात बराच फरक पडू शकतो. निपाणीहून कोल्हापूरचे विमानतळ बेळगावच्या सांब्रा विमानतळापेक्षा जवळ आहे, तेव्हा मुंबईपर्यंतचे दोन्ही पर्याय पाहावेत. पण हे तिकीट वेगळे काढले आणि पहिले विमान उशिरा सुटले तर पुढचे विमान थांबत नाही, म्हणून मुंबईत एक मुक्काम ठेवावा.

संपूर्ण सहल भारतातील कंपनीकडून पॅकेज म्हणून घेतली तर त्यावर टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला प्राप्तिकर) आकारला जातो. तो वाया जात नाही, विवरणपत्रात जमा दाखवता येतो; परंतु सुरुवातीला रोख रक्कम अडकते, हे हिशेबात धरावे.

अनगोळकर

मलप्रभाताईंचे लिखाण वाचले. माहिती उत्तम आहे, परंतु त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही आणि ते मला स्पष्टपणे लिहिले पाहिजे.

स्वयंपाकघर असलेले घर घेतले की स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न कोणी विचारतच नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक असते. नऊ माणसांचा सकाळचा नाश्ता, दोन्ही वेळचे जेवण, नातवंडांच्या मधल्या वेळच्या भुका हे सर्व निपाणीकर काकूंच्या, मुलीच्या आणि सुनेच्या वाट्याला येईल. घरचे अन्न मिळाले म्हणून काका समाधान पावतील आणि काकू सात समुद्र ओलांडून पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहतील. ज्या गुडघ्याची काळजी काकांना आहे, त्या गुडघ्याला वाळूपेक्षा ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे अधिक जाचक आहे. आमच्याकडे यात्रेला, लग्नाला, तळकोकणात समुद्रावर, कुठेही गेले तरी बायकांची सुट्टी चुलीपाशीच संपते. परदेशात जाऊन तरी ती रीत मोडावी.

सर्वसमावेशक रिसॉर्टचा खरा उपयोग हाच आहे की तिथे कोणालाही कोणासाठी रांधावे लागत नाही. पुरुषांना तो भाड्याचा हिशेब वाटतो. बायकांसाठी ती विश्रांती असते. म्हणून रिसॉर्ट टाळू नये, तर योग्य रिसॉर्ट निवडावा आणि आधी लेखी बोलणी करावीत. खोलीत शीतकपाट आणि लहानसे स्वयंपाकाचे दालन असलेले सूट अनेक रिसॉर्टांत असतात. आरक्षणापूर्वी ईमेल पाठवून नेमके विचारावे: एका व्यक्तीसाठी मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट आणि कोणताही कंद नसलेले ताजे जेवण रोज सायंकाळी पाच वाजता खोलीवर किंवा भोजनगृहात मिळेल काय? ‘जैन जेवण’ एवढेच लिहून भागणार नाही. काय चालत नाही आणि काय चालते याच्या दोन याद्या द्याव्यात. जो रिसॉर्ट आचाऱ्याच्या नावानिशी उत्तर देतो तो घ्यावा. ‘आमच्याकडे शाकाहारी पदार्थ भरपूर आहेत’ असे मोघम उत्तर आले तर तो सोडावा. दुपारच्या जेवणाची वेळ तीनच्या आसपास संपते आणि त्यानंतर किनाऱ्यावरची उपाहारगृहे सायंकाळपर्यंत चालू असतात, म्हणजे पाच वाजता स्वयंपाकघरात माणसे असतात. प्रश्न केवळ आधी सांगण्याचा आहे.

आणि सूटमधील लहान शेगडीवर कधी खिचडी टाकायची वेळ आलीच, तर ती मुलाने किंवा जावयाने टाकावी, हे निघण्यापूर्वी घरात ठरलेले असावे.

मलप्रभा

अनगोळकरताईंचा मुद्दा मला पटला. आमच्याकडे स्वयंपाक माझे यजमान आणि सासरे दोघेही करतात, त्यामुळे मी त्या बाजूने विचार केला नव्हता.

रिसॉर्ट घ्यायचा असल्यास समुद्राची बाजू नीट पाहावी. २०११ पासून कॅरिबियनमध्ये सरगॅसम नावाचे तपकिरी समुद्रशेवाळ मोठ्या प्रमाणावर वाहून येऊ लागले आहे. एप्रिल ते ऑगस्ट हा त्याचा मुख्य काळ, म्हणजे आपला मे महिना त्यात येतो. ते किनाऱ्यावर साचून कुजले की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. ज्यांना दमा आहे त्यांना तो सोसत नाही आणि लहान मुलांना पाण्यात उतरता येत नाही. हे शेवाळ अटलांटिककडून वाऱ्याबरोबर येते, म्हणून पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर ते अधिक लागते. पुंता कानाचे किनारे त्याच बाजूला आहेत. बार्बाडोसमध्येही पूर्व किनारा खवळलेला आणि पोहण्यास धोक्याचा असतो. बाथशीबाचे खडक पाहायला जावे, पाण्यात उतरू नये. पश्चिम किनारा मात्र वाऱ्याच्या आडोशाला आहे. सेंट जेम्स परगण्यातील होलटाउनच्या आसपास पाणी तळ्यासारखे संथ असते आणि चार वर्षांचे मूलही आजीचा हात धरून त्यात बसू शकते. तो भाग महाग आहे, हे खरे. ब्रिजटाउनलगतचा कार्लाइल उपसागरही आडोशाचा आहे आणि तिथे समुद्री कासवे दिसतात. बार्बाडोसमधील सर्व किनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे थोडा आत असलेला रिसॉर्ट घेऊनही चांगल्या किनाऱ्यावर जाता येते.

वादळांविषयी: अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जोर अधिक असतो. आपला मे त्यापूर्वी येतो, ही जमेची बाजू. दसऱ्याच्या सुट्टीत जाण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्यावा. जमैकाला २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा चक्रीवादळाचा फार मोठा तडाखा बसला आणि पश्चिम भागाची मोठी हानी झाली. तिथे जायचे ठरलेच तर निवडलेला रिसॉर्ट पूर्ववत सुरू झाला आहे काय, हे लेखी विचारून घ्यावे.

शहापूरचा डॉक्टर

निपाणीकर साहेब, वैद्यकीय बाजूच्या काही गोष्टी लिहितो.

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर विमानतळावरील धातुशोधकात आवाज होतो. शल्यविशारदांचे पत्र जवळ ठेवावे. मुंबई ते लंडन आणि लंडन ते ब्रिजटाउन हे दोन्ही प्रवास प्रत्येकी आठ-दहा तासांचे आहेत. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसल्याने शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून मधल्या वाटेलगतची जागा घ्यावी, दर तासा-दीड तासाने उठून चालावे, पाणी पुरेसे प्यावे आणि दाब देणारे मोजे घालावेत काय हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. लंडनमध्ये चाकाची खुर्ची आधीच तिकिटावर नोंदवावी. चालता येते म्हणून ती नाकारू नये, तिथले अंतर फार असते. रिसॉर्टकडे तळमजल्यावरील खोली मागावी आणि खोलीपासून भोजनगृहापर्यंत किती चालावे लागते, वाटेत पायऱ्या आहेत काय, किनाऱ्यापर्यंत फळ्यांची वाट आहे काय, हेही त्याच ईमेलमध्ये विचारावे. फिरण्यासाठी दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्जपासून समुद्रालगत बांधलेली सपाट वाट आहे; सकाळी उन्हापूर्वी ती चालण्यास उत्तम. हॅरिसन केव्ह ही चुनखडीची गुहा ट्राममध्ये बसून पाहता येते, त्यामुळे गुडघ्याला त्रास नाही.

रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे हातातील सामानात, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह ठेवावीत. बार्बाडोसची वेळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. इन्सुलिन घेणाऱ्याने प्रवासाच्या दिवशी मात्रा कशी घ्यायची, याचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. साठीपुढच्या व्यक्तीचा विमा काढताना आधीपासूनचे आजार लपवू नयेत, कारण तेच कारण दाखवून दावा नाकारला जातो. विमा तिकिटाबरोबरच काढावा. एकदा वादळाला नाव मिळाले की त्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळामुळे झालेला खर्च सहसा धरत नाहीत.

मुलांच्या पालकांनी एक झाड ओळखून ठेवावे. त्याला मँचिनील म्हणतात. ते समुद्रकाठीच उगवते, त्याचे फळ लहान हिरव्या सफरचंदासारखे दिसते आणि ते विषारी असते. चिकाने त्वचा भाजल्यासारखी होते, पावसात त्याखाली उभे राहिले तरी गळणाऱ्या पाण्याने फोड येतात. पुष्कळ ठिकाणी अशा झाडांच्या खोडावर लाल पट्टा ओढलेला असतो. किनाऱ्यावर पडलेले कोणतेही फळ उचलायचे नाही, एवढा नियम मुलांना पुरेसा आहे.

पीतज्वराची लस बार्बाडोससाठी लागत नाही. मात्र भारतीय वंशाच्या लोकांची वस्ती पाहण्याच्या ओढीने त्रिनिदादला एक फेरी मारण्याचे कोणाच्या मनात आले, तर भारतात परतताना त्या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते नसल्यास विलगीकरणात राहावे लागते. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते.

कॅम्प मैदान

वरील सर्वांनी इतके सविस्तर लिहिले आहे की मला एकच भर घालायची आहे. बार्बाडोसला जाणारच असाल तर जावयांना आणि नातवंडांना ब्रिजटाउनचे केन्सिंग्टन ओव्हल अवश्य दाखवा. १९७१ च्या दौऱ्यात याच मैदानावर दिलीप सरदेसाई यांनी १५० धावा केल्या आणि दुसऱ्या डावात सुनील गावसकर ११७ धावांवर नाबाद राहिले. त्याच मालिकेत अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला मालिकाविजय मिळवला. २९ जून २०२४ रोजी भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तोही इथेच. मैदानाबाहेर सर गारफील्ड सोबर्स यांचा पुतळा आहे. आमच्या पिढीने हे सारे रेडिओला कान लावून ऐकले. नातवंडांना ती जागा पाहायला मिळावी असे मनापासून वाटते.

निपाणीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे मी घरात वाचून दाखवली आणि मुलालाही पाठवली. त्याच्या आणि सुनेच्या पासपोर्टवरील शिक्क्यांची मुदत पुढील वर्षापर्यंत आहे, दोघांचेही कागद त्याने मला दाखवले. त्यामुळे बार्बाडोस निश्चित केले आहे. मुलीच्या कुटुंबाच्या ब्रिटिश ट्रान्झिट व्हिसाचे काम जावई सुरू करत आहेत. तो हातात पडल्यावरच त्यांची तिकिटे काढू.

अनगोळकरताईंचा संदेश पत्नीने स्वतः दोनदा वाचला. स्वयंपाकघर असलेले घर घ्यायचे नाही, असे तिनेच सांगितले. पश्चिम किनाऱ्यावरील तीन रिसॉर्टांना आम्ही दोन याद्यांसह ईमेल पाठवले. एकाचे उत्तर मोघम आले, एकाने कळवले की वेगळे जेवण साडेसहापूर्वी देता येणार नाही. तिसऱ्याच्या मुख्य आचाऱ्याने स्वतः लिहिले आहे की सायंकाळी पाच वाजता जेवण खोलीवर पाठवू. शिवाय भात वेगळ्या भांड्यात पाण्यातच शिजवू, तुरीचे दाणे, भेंडी, भोपळा, नीरफणस आणि कोबी रोज उपलब्ध राहील, आणि चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध गोठवण्यासाठी घातले जाणारे द्रव्य) आहे काय ते पाहून कळवतो. रेनेटची विचारणा आम्ही केलीच नव्हती; त्यानेच तो विषय काढला, म्हणून मला त्याच्यावर विश्वास वाटतो. तळमजल्याच्या दोन लगतच्या खोल्या आणि एक सूट मिळत आहे. भाडे मी धरले होते त्यापेक्षा अधिक आहे, परंतु मुक्काम सात दिवसांचाच ठेवून ते बसवू.

एकच शंका उरली आहे. बरोबर खाण्याचे काय नेता येईल? कुंदा आणि घरचे तूप नेण्याची पत्नीची इच्छा आहे.

सांब्रा रोड

कुंदा दुधाचा असल्याने टिकणार नाही आणि दुग्धजन्य पदार्थांवर सीमाशुल्क तपासणीत हरकत घेतली जाऊ शकते. तो आणि तूप दोन्ही घरीच ठेवावेत. भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, भडंग, तिखट-मिठाच्या पुऱ्या, तेलात भाजलेल्या मुगाच्या पिठाच्या वड्या असे कोरडे पदार्थ बंद पाकिटात आणि थोडक्या प्रमाणात न्यावेत. ताजी फळे, भाज्या आणि बियाणे नेऊ नयेत. जे न्याल ते प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जात नमूद करावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूवर दंड होतो.

सामान भरताना कपड्यांकडेही लक्ष द्या. बार्बाडोसमध्ये लष्करी गणवेशासारख्या (कॅमोफ्लाज) नक्षीचे कपडे सामान्य नागरिकांना घालण्यास कायद्याने बंदी आहे आणि ती लहान मुलांनाही लागू आहे. नातवंडांच्या चड्ड्या, टोप्या आणि पाठीवरच्या पिशव्या तपासून तशी नक्षी असलेल्या बाजूला काढाव्यात. मुलालाही अटलांटाला हे कळवावे, कारण तिकडे अशा कपड्यांचे प्रमाण अधिक असते. ट्रान्झिट व्हिसाच्या अर्जात बार्बाडोसच्या आरक्षणाची प्रत जोडायची आहे, तेव्हा रिसॉर्टकडून नऊही जणांची नावे पासपोर्टप्रमाणे लिहिलेले पत्र या आठवड्यातच मागवून घ्या.